सहीच्या शेजारची ओळ

शालिनीताई इंगळे यांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली आणि ती काही फारशी गोड नव्हती. आमच्या शिक्षण संस्थेच्या वरूडच्या शाळेत मी नुकताच लिपिक म्हणून लागलो होतो. ताई अमरावतीच्या मुख्य कार्यालयात परिपत्रकांचे टेबल सांभाळत. अकोल्यापासून शेंदूरजनाघाटापर्यंत आमच्या साऱ्या शाळांना संस्थेचा निरोप त्यांच्याच हातून जाई. एका परिपत्रकावर सर्वांच्या सह्या झाल्याचे मी मोठ्या ऐटीत कळवले. त्यांनी शांतपणे विचारले, "सह्या झाल्या, समजलं. वाचलं कोनं कोनं?"

मी पुन्हा सह्याच मोजू लागलो.

ताईंच्या प्रत्येक परिपत्रकाला एक तक्ता जोडलेला असे. नाव, सही आणि तिसरा रकाना: 'मला काय करायचे आहे'. तिथे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची. ज्येष्ठ शिक्षकांना हा अपमान वाटे, आम्ही त्याला शुद्धलेखनाची वही म्हणून हसत असू. ताई मात्र प्रत्येक ओळ वाचत. एकदा 'उपरोक्त विषयान्वये' छापाच्या एका परिपत्रकावर चांदूर रेल्वेच्या शिपाईदादांनी लिहिले, 'काही समजले नाही, पण करतो.' ताईंनी त्यांना बोल लावला नाही. तो तक्ता त्यांनी सरळ सचिवांपुढे ठेवला आणि परिपत्रक सोप्या मराठीत पुन्हा लिहून घेतले.

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुठे बोललो नाही. आमच्या शाळेत वंदना देशमुख या विज्ञानाच्या शिक्षिका नऊ वर्षे तासिकांवर शिकवत होत्या. एका वर्षी संस्थेने अशा शिक्षकांना कायम करायचे ठरवले. शनिवारी अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रे घेऊन संस्थेच्या अकोला विभागाच्या कार्यालयात स्वतः हजर राहायचे होते. वयाच्या अटीमुळे देशमुख बाईंची ती शेवटची संधी होती. वडील आजारी म्हणून त्या चांदूर रेल्वेला माहेरी गेल्या होत्या. रजेवरच्या सहकाऱ्याची सही दुसऱ्याने करून टाकायची, अशी आमच्याकडे रीतच होती. तो शेजारधर्म समजला जाई. मी त्यांची सही ठोकली, तिसऱ्या रकान्यात 'हजर राहणार' लिहिले, संध्याकाळी फोन करू म्हणालो आणि साफ विसरलो.

शुक्रवारी तक्ता ताईंच्या हाती पडला. देशमुख बाई नेहमी दोन ओळी लिहीत आणि वर एखादी शंकाही विचारत. या वेळी नुसते दोन शब्द पाहून ताईंनी त्यांच्या माहेरी फोन लावला. बाईंना कशाचाच पत्ता नव्हता. लगेच मला फोन आला. "तुमी त्यायची सही केली न? मंग त्यायचे कागद बी तुमीच पोचवा. सकाळी अमरावतीले या."

बाईंच्या सासूबाईंकडून प्रमाणपत्रांची फाईल घेऊन मी पहाटे मोटारसायकल काढली. बसस्थानकावर ताई स्वतः देशमुख बाईंना घेऊन उभ्या होत्या, हातात त्यांच्यासाठी डबा. देशमुख बाईंनी माझ्या हातून फाईल घेतली आणि एकेक प्रमाणपत्र तपासून पाहिले. ताई त्यांच्यासोबत अकोल्याच्या बसमध्ये चढल्या, आणि मला भर स्थानकात रडू आले.

बाईंना ती जागा मिळाली. सोमवारी मी मेमोची वाट पाहत होतो. तो आला नाही, फोन आला. "मेमो दिला तं तुमी भ्यासान. मले भेलेला मानूस नाई पायजे, वाचनारा पायजे." त्या दिवसापासून मी कोणाचीही सही केलेली नाही.

पुढे परिपत्रके मोबाईलवर जाऊ लागली आणि गटात सगळे अंगठ्याचे चित्र टाकू लागले. तेव्हा ताई म्हणाल्या, "अंगठे सुटावे म्हून शाळा काढल्या, अन् आता मास्तरच अंगठे लावून राहिले." सारे कार्यालय हसले, पण तिसरा रकाना मोबाईलवरही कायम राहिला.

आज ताईंनी साठ वर्षे पूर्ण केली. त्यांच्या निवृत्तीनंतर त्या टेबलावर मी बसतो. त्यांच्या आजच्या सत्कार समारंभाचे परिपत्रक मीच सर्व शाळांना पाठवले, आणि या वेळी मुद्दाम कागदावर, जुना तक्ता जोडून. शेंदूरजनाघाटच्या मुख्याध्यापिका आज देशमुख बाईच आहेत. त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिले आहे: 'ताईंसाठी डबा घेऊन स्वतः यायचे आहे.' नेहमीप्रमाणे खाली शंकाही आहे: 'ताईंना गोड चालते ना?'

ताईंना गोड चालत राहो, हिंडणे-फिरणे चालत राहो, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत राहो आणि आमच्या चुका धरायला त्या शंभरी पार करोत, हीच आम्हा सर्वांची प्रार्थना. साऱ्या शाळांचे तक्ते ताईंच्या या गौरवग्रंथाच्या शेवटी जोडले आहेत. ताईंनी ते खुशाल तपासावेत. प्रत्येक सही ज्याची त्याची आहे.