नवरा न झालेला राजकुमार

सुरतेला हौसेने कोणी फिरायला जात नाही. मीही गेले नव्हते. प्लेगनंतर दोनेक वर्षांनी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया उलटल्यावर, माझ्या भाचीचं, सुनंदाचं लग्न ठरलं, म्हणून अमळनेरहून पॅसेंजर धरली. नवापूरपर्यंत बसायला मिळणार नाही, हे धरून चला. पांडेसऱ्याला जायचं असेल तर उधन्यालाच उतरा आणि रिक्षात पाय ठेवण्याआधी भाडं ठरवा.

सुनंदाचा बाप, माझा धाकटा भाऊ भास्कर, तिथल्या डाइंग मिलमध्ये होता. सकाळी त्याने हरभरा डाळीचा वाफवलेला, गरमागरम लोचो खाऊ घातला. वरून कच्चं तेल आणि शेव. सुरतेतली स्तुती करण्याजोगी गोष्ट तेवढीच. मग मोठ्या अभिमानाने तो मला चौकात घेऊन गेला. लग्नाची वाडी, म्हणजे आपलं मंगल कार्यालय, तिथेच होती.

चौकाच्या मधोमध हे गाव वसवणारा कोणी मध्ययुगीन राजकुमार सिमेंटच्या घोड्यावर बसलेला. सोनेरी ऑइलपेंट, चेहरा नाटकातल्या खलनायकाचा, आणि उगारलेल्या तलवारीला केबलवाल्याने वायर गुंडाळलेली. खाली दोन भाषांतला शिलालेख. गुजरातीत लिहिलं होतं की राजकुमार घडीभरही ‘नवरा’ बसले नाहीत, म्हणजे रिकामे बसले नाहीत. मराठी करणाऱ्या विद्वानाने कोरून ठेवलं होतं, ‘राजकुमार क्षणभरही नवरा झाले नाहीत.’

मी हसले. संध्याकाळी हसू आटलं. मुलाची आई विमलबाई वाडी पाहायला आली, कोणीतरी तिला पाटी वाचून दाखवली, आणि ती तिथेच थांबली.

“मना पोरना लगीनले हाऊ कुवारा नको, माय! दुसरी वाडी पाहा, नाहीतर लगीन ऱ्हाऊ द्या.”

ऐन मोसमात दुसरी वाडी कुठली? सुनंदा रडायला लागली. मी विमलबाईला दोन्ही भाषांतला फरक नीट समजावला.

“ताई, तुम्ही शिकेल शेतस. पण दगडवर कोणी खोटं कोरस का?”

स्मारक समितीचे चिटणीस समोरच पान लावत होते. चूक दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणाले, “बेन, पथ्थर लागी गयो, हवे शुं?” दगड बसला, आता काय! वर मलाच विचारलं, “तमे टीचर छो?”

शेवटी तोडगा विमलबाईनेच काढला: आधी राजकुमाराला बाशिंग बांधा, मग माझ्या मुलाला. मी म्हटलं, हा मूर्खपणा आहे. भास्करने माझ्याकडे पाहिलंही नाही; शिडी आणली. शिडी आखूड. हात राजकुमाराच्या गुडघ्यापर्यंतच पोचला. गुडघ्याला बाशिंग ही म्हण मी वर्षानुवर्षं शिकवली होती, डोळ्यांनी प्रथमच पाहिली. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “भास्करभाऊ, मागे राजकुमाराच्या मामालाही उभा करा!” विमलबाई एकदाची हसली, आणि लग्न लागलं.

घरी परतल्यावर शेजारणींनी विचारलं, सुरतेत काय पाहिलंस? म्हटलं, अडाणीपणा, घोड्यावर बसलेला. ते स्मारक पाहायला मुद्दाम जाऊ नका, हे आजही सांगते.

सुनंदाचा संसार छान झाला, हे मान्य. गेल्या वर्षी तिच्या मुलीच्या लग्नात त्याच चौकात शिडी लागली. जावयाकडची मंडळी गोंधळून पाहत होती. सुनंदा त्यांना गंभीरपणे म्हणाली, “करावंच लागतं. राजकुमाराच्या काळापासूनची चाल आहे.”

मी शेजारीच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.