गणपतीच्या पायातली कुडी

आमचा दादा पेणहून रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. नव्वदीच्या दशकात कंपनीने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा त्यांचे पिशवीभर प्रोसेसर तो घरी घेऊन आला. त्यांच्या बारीक पायांना म्हणे सोन्याचा मुलामा असतो. घरी आमचा गणपतींचा कारखाना, मी मूर्तींचे डोळे आखायचे. दादाने माझ्या शेजारीच लोणच्याच्या बरणीत ॲसिडं मिसळली आणि प्रोसेसर बुडवले. हिरवं पाणी झालं, सोनं काही खाली बसेना.

"ॲसिडातच दम नाय," दादा म्हणाला. खात्री करायला खरं सोनं हवं. वहिनी कासूला माहेरी गेली होती. तिच्या सोन्यात गुंफलेल्या मोत्यांच्या कुड्या कपाटात होत्या. आदल्या वर्षी तिची आई वारली, तिच्यामागे या कुड्या तेवढ्या राहिल्या होत्या. दादाने त्यातली एक दोऱ्याला बांधली.

"दादा, ठेव ती जागेवर."

"अगो, नुसती बुडवून काढतो."

ॲसिडाने आधी दोराच खाल्ला. दादाने सांडशी घातली, तर तिचीच टोकं फसफसायला लागली. मोती गेले, संध्याकाळपर्यंत सोनंही गेलं. ॲसिडात दम होता हे सिद्ध झालं. हसावं की ती बरणी दादाच्या डोक्यात घालावी, मला कळेना.

कंपनीतल्या लॅबवाल्याने दादाला इलाज सांगितला. बरणीतल्या जादा ॲसिडाचा जोर मोडल्याशिवाय सोनं खाली बसणार नाही, तेव्हा चिमूट चिमूट युरिया टाक. पण गणपतीवाल्याच्या घरातला माणूस युरिया कशाला शोधेल? सोंड तडको, पोटाला भोक पडो, आमच्याकडे औषध एकच, खडूची पावडर. तिची पोतीच होती. दादाने दोन मुठी टाकल्या. बरणी दुधासारखी उतू गेली आणि खालच्या फळीवरच्या प्लास्टरच्या कोऱ्या गणपतीने सगळं पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दादाची बोटं जांभळी आणि गणपतीचा उजवा पाय जांभळा. लॅबवाला म्हणाला, सोन्याचा डाग असाच पडतो.

वहिनी आली. तिने दादाची बोटं पाहिली, मग कपाट उघडलं. दादाने सगळं सांगितलं आणि वर करवतीने पाय कापून सोनं काढायची योजनाही मांडली. मला वाटलं, आता भांडी फुटणार. वहिनी हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, "त्या पायाला हात लावाल तर बघा. हा गणपती आपल्याच घरात बसंल."

पाय तिने मला रंगवूही दिला नाही. आरतीला आलेले विचारायचे, देवाचा पाय मुरगळला काय? वहिनी एका कानात कुडी घालून सगळ्यांना प्रसाद वाटायची, आणि माणसं गेली की त्याच पायावर डोकं टेकून बसायची. दादा तेवढा वेळ पडवीत जाऊन उभा राहायचा. तेव्हा मला त्याची कीवही यायची आणि रागही.

विसर्जनाला भोगावती नदीवर गेलो. दादा कमरेइतक्या पाण्यात मूर्ती धरून उभा. आजूबाजूचे गणपती गेले, हा सोडेचना.

"लॅबवाला म्हणतो, अजून निघंल सोनं," तो काठाकडे बघून म्हणाला.

वहिनीने पदराने तोंड पुसलं. "सोडा ओ आता. आईला सोडली ना मी."

दादाने मूर्ती खाली नेली. पाण्यातून वर आली ती त्याची जांभळी बोटं.