कंपनीला न पटलेलं टक्कल

साल दोन हजार चोवीस. माझं वय एकोणसत्तर. त्या वर्षी माझ्या मुलाच्या फोनने माझ्या मुलाला ओळख दाखवायला नकार दिला, आणि त्याला कारण मी होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण मुलुंडमध्ये तीस वर्षं रिक्षा चालवली आहे, खाकी शर्टावर बिल्ला लावून, तेव्हा गाडीतलं मला कुणी शिकवायचं नाही. मुलगा संदेश मात्र कर्जावर गाडी घेऊन ॲपवाल्या कंपनीकडे चालवतो. एकदा मी त्याला विचारलं,

"तुझा शेठ कोण रे?"

"शेठ नाही बाबा. ॲप आहे."

"मग सुट्टी कुणाकडे मागतोस?"

"मागायची कशाला? फोन बंद केला की सुट्टी."

"झकास! आणि सुट्टीचा पगार?"

"फोन बंद केला की पगार पण बंद."

भाडं कंपनी ठरवणार, आपला वाटा कंपनी आधीच कापून घेणार, गॅसच्या रांगेत हा उभा राहणार, आणि उरेल त्यात बँकेचा हप्ता. लघवीला जागा शोधायला उतरावं तर तेवढ्यात पुढचं भाडं वाजतं. (माझ्या वेळी निदान स्टँडवर भांडायला चार माणसं असायची. याला भांडायला समोर माणूसच नाही!)

तर त्या वर्षी माझा थोरला भाऊ गावी, कुडाळजवळ, वारला. वय झालं होतं, झोपेतच गेला, त्याबद्दल तक्रार नाही. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी संदेशने दिला आणि दहाव्याला मुंडणही त्यालाच आलं. नदीवर गावचा न्हावी बाबली वस्तरा घेऊन तयार, आणि आमचे चिरंजीव म्हणतात,

"बाबा, केस काढतो. मिशी तरी राहू दे."

"का? मिशी काय वेगळ्या घरातली आहे?"

"तसं नाही रे. रोज गाडी सुरू करताना कंपनी सेल्फी मागते. फोटो जुळला पाहिजे."

"फोटो जुळायला लग्न ठरतंय का तुझं? फोनला विचारून सुतक पाळायचं? काढ रे बाबली, मिशीसकट!"

बाबलीने काढली. एकदा हात चालू झाला की बाबली थांबत नाही. भुवया वाचल्या हेच नशीब.

मुलुंडला परतल्यावर पहिल्याच सकाळी संदेशने गाडीत बसायच्या आधी फोन तोंडासमोर धरला. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. (म्हणाला म्हणजे लिहून आलं. सून सुप्रियाने वाचून दाखवलं.) मग खिडकीपाशी उजेडात धरला. जुळत नाही! संदेशचा चेहरा पडला. पडलेला चेहरा तर मुळीच जुळेना.

"वाट लागली, बाबा. आता एकच चान्स. तो गेला की कंपनीचा आयडी बंद, म्हणजे भाडी बंद."

"होऊ दे बंद. चालू करून घेऊ."

"अरे, गावी इतके दिवस गेले त्यात कमाई शून्य. मागचा हप्ता चुकलाय. हा पण चुकला तर बँकेची माणसं येऊन गाडी उचलतील!"

आता मात्र मला बसवेना. मी म्हटलं, "हे बघ, यंत्र आहे ते. त्याला काय कळतंय? त्याला केस पाहिजेत ना? देऊ की केस!"

आमच्या इमारतीच्या मंडळाचं नाटकाचं सामान तळमजल्याच्या खोलीत असतं आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे. साधा टोप उंदरांनी खाल्लेला. शिल्लक होता तो राजाचा, खांद्यापर्यंत कुरळा. मी तो कात्रीने बेताचा केला. (मंडळाला हे अजून माहीत नाही.) मिशी सुप्रियाने काजळाने काढली. काढताना ती हसत होती, त्यामुळे डावी बाजू कपाळाकडे निघाली.

"बाबा, मी ड्रायव्हर नाही, राक्षस दिसतोय."

"गप रे! मान ताठ ठेव. दाब बटण!"

दाबलं. फोनवर एक गोल फिरत राहिला. मग लाल अक्षरं आली. सुप्रियाचं हसणं थांबलं. तिने वाचलं, "तुमच्या नावाने दुसरीच व्यक्ती गाडी चालवत असल्याचा संशय आहे. आयडी बंद करण्यात येत आहे."

म्हणजे माझा मुलगा स्वतःचाच तोतया निघाला!

कंपनीच्या नंबरावर तक्रार केली तर तिथेही यंत्रच. 'तुमची अडचण आम्ही समजतो,' एवढंच पुन्हा पुन्हा. शेवटी अंधेरीच्या ऑफिसात जायचं ठरलं.

"मी येतो," मी म्हटलं. "बाप आहे तुझा. माझ्याहून मोठा पुरावा कुठला?"

"ये. पण तिथे बोलू नको हां."

"नाही बोलत." (हे वाक्य मी लग्नापासून बोलत आलोय.)

ऑफिसात बाकड्यांवर ड्रायव्हरच ड्रायव्हर. एकाने नवसाची दाढी वाढवली म्हणून आयडी बंद, आमचं सगळं काढलं म्हणून बंद. तिसऱ्याने काहीच केलं नव्हतं. त्याचंही बंद! सगळ्यांचा धंदा बुडत होता आणि सगळे मुकाट बसले होते. आमच्या स्टँडवर असं झालं असतं तर आम्ही रस्ता अडवला असता. पण तिथे अडवायला होता एक थंड पाण्याचा कूलर.

आमचा नंबर लागला. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी. तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला.

"सर, हा फोटो तुमचा?"

पडद्यावर राजा! एक मिशी कपाळाकडे निघालेला! मागचे चार ड्रायव्हर उठून बघायला आले.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"मुंडण," मी म्हटलं.

"हे मुंडण आहे?"

"मुंडण खाली आहे. वरती टोप आहे."

"काका, तुम्ही कोण?"

"याचा बाप. हा संदेशच आहे, मी सांगतो ना! लिहून घे. सही येते मला."

"काका, असं नाही चालत. आधार, लायसन्स, सगळीकडे केस आहेत. मी कशावरून मानू?"

कशावरून? मी संदेशला थेट गावी बाबलीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं आणि फोन ओढून घेतला. बाबली दुकानात होता. त्याच्यामागे एक गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलेलं.

"बाबली, ह्या बाईंना सांग, संदेशचे केस कोणी काढले?"

"मीच काढलंय! काय झाला? खय कापला काय?"

"बघ!" मी मुलीला म्हटलं. "आणि मिशी, बाबली? मिशी पण तूच ना?"

"ती तुमी काढूक लावलात!" बाबली तिकडून ओरडला. "पोरगो बिचारो नको म्हणा होतो!"

सगळं ऑफिस हसलं. साबण लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. संदेशने तेवढं वर छताकडे पाहिलं.

मुलगी तोंडावर हात धरून आत साहेबांकडे गेली, बाहेर आली, आणि तिने संदेशला पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून नवीन फोटो काढला. संध्याकाळपर्यंत आयडी चालू होईल, म्हणाली. मी बाकड्यावरच्या लोकांकडे बघत, छाती पुढे काढून निघालो. (आपण नसतो आलो तर काय झालं असतं, वगैरे.) दारापर्यंत पोचलो तोच तिने हाक मारली.

"सर, एक लक्षात ठेवा. आता सिस्टीममध्ये हा चेहरा आहे. रोज असाच दिसला पाहिजे."

"आणि केस वाढले की?" संदेशने विचारलं.

"मग जुळणार नाही. परत यायचं. तोपर्यंत आयडी बंद."

घाटकोपर मागे पडलं तेव्हा संदेश बोटांवर काहीतरी मोजत होता. मग म्हणाला,

"गाडीचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत, बाबा."

"खोबरेल तेलाचा खर्च वाचेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी माझा जुना वस्तरा धार लावून काढला, संदेशला मोरीपाशी पाटावर बसवलं आणि कालपासून जे काही खुंट वर आले होते ते साफ करायला घेतले. दोनदा कानाला लागलं. सुप्रिया दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, आणि समजा पुन्हा कुणी गेलं तर?"

"आता कसली काळजी?" मी म्हटलं. "आता मी खुशाल मेलो तरी चालेल. कंपनीला फरकसुद्धा कळायचा नाही!"