मेंढरांसाठी वळलेली भिंत

छावणीतल्या आमच्या बँकेच्या शाखेत शकीला आणि मी एकच डबा खायचो. तिचा खिमा संपला की माझी शेपूची भाजी. विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस. शाखेतही दोन तट पडलेले. आम्ही दोघी नामांतराच्या बाजूच्या, म्हणून आमचं टेबल वेगळं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "कितनी बार बोलती तू, विहीर बघायची, विहीर बघायची. अब आ जा!" निघाले पुण्याहून.

ही विहीर शेंद्र्याच्या अलीकडे. शेजारी रंगाचा कारखाना येणार होता, त्याला कर्ज द्यायचं होतं. हिवाळ्यात पाहणी करून मी कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पडीक जमीन, कोणाचा वापर नाही.' मग आंदोलनात रस्ते बंद झाले, फाईल पावसाळ्यापर्यंत रखडली. आषाढात पुन्हा गेले तर विहिरीवर मेंढरांचा कळप! धनगर कुटुंबं दिवाळीनंतर गोदाकाठाला जातात, पावसाला परततात, हे आम्हा बँकवाल्यांच्या गावीही नव्हतं. मी अहवाल बदलला: सांडपाण्याला पक्की टाकी, विहिरीची वाट मोकळी, मगच कर्ज. लगेच माझी बदली झाली. पुढं काय झालं, कधी पाहिलंच नाही.

जायचं असेल तर सिडको बसस्थानकातून जालन्याकडची बस घ्या, शेंद्रा फाट्याला उतरा. रिक्षा परतीसकट ठरवा. फाट्यावरची भजी गरम असतील तरच खा.

वाटेवर जिथं ज्वारी पाहिली होती तिथं आता नजर पोचेल तिथवर कारखाने. मी बघतच राहिले.

"ये दीवार कायकू टेढी है गे?" शकीला म्हणाली.

लांबलचक सरळ भिंत विहिरीपाशी अचानक आत वळली होती, आणि त्या बाकातून मेंढरं एकामागोमाग पाण्यावर चालली होती. माझ्या एका ओळीसाठी एवढा दगड वळला होता!

कळपामागं एक धनगर बाई होत्या, रखमाबाई. पाणी चांगलंय का, विचारलं.

"मेंढरू पितंय नव्हं? घाण पाण्याला त्ये तोंड नाय लावत. घ्या की." त्यांनी माझ्या ओंजळीत कळशी वाकवली. गार, गोड पाणी.

मी माझी पहिली चूक सांगितली. त्या पोट धरून हसल्या. "म्हंजी कागदावर आमी नव्हतोच व्हय?" मग भिंतीकडं हात केला. "आता कारखाना वाढवनार म्हंत्यात. भिंत सरळ करायची. बँकंचं सायेब बघून गेलं म्हनं."

"कधी?"

"आमी गोदाकाठाला व्हतो तवा."

घरी येऊन दोन दिवस झाले. ओंजळीतला तो गारवा अजून जात नाही. शकीला, इथंच या लेखात लिहिते, सगळ्यांच्या देखत. वाढीव कारखान्याच्या कर्जाची मंजुरी अजून व्हायची आहे, म्हणून उशीर नको. त्या दोन पाहण्यांची माझ्या वहीतली टिपणं कुरिअरनं येतील. बरोबरचं शाखा व्यवस्थापकांना दे, पोच घेऊन. चुकीचं त्या नव्या साहेबांना दे, हातात, रागावू नकोस; मीही तशीच चुकले होते. तू काढलेले भिंतीचे आणि मेंढरांचे फोटो रखमाबाईंच्या सुनेला पाठव, तिच्यापाशी असू देत. आणि साहेबांना तू निघताना घेतलेला रखमाबाईंचा नंबर दे. पुन्हा पाहणीला निघण्याआधी त्यांनी मेंढरं कुठं आहेत ते विचारावं.