जाळीपलीकडची जाऊ

दर्शनाला ती पहिली सकाळ आठवली की आजही हसू आवरत नाही. हसते, आणि मग हळूच मागं वळून बघते, पण त्याचं कारण पुढं येईलच. त्या दिवशी तिला अगदी मनापासून वाटलं होतं, ही बाई ब्लूटूथवर बोलतेय.

झालं असं की किन्हवलीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दर्शनाबाईंना डॉक्टरांनी दम भरला. वजन उतरवा, नाहीतर गुडघ्यांची आशा सोडा. बाईंनी मग शहापूरहून येता येता रस्त्यात लागणाऱ्या नव्या फिटनेस क्लबात नाव घातलं. नवे बूट घेतले, टोपी घेतली, मनगटाला लावायचा पट्टासुद्धा घेतला. वजन तेवढं जुनं राहिलं. सकाळी शाळेच्या आधी जाऊन बघते तर टेनिसच्या कोर्टावर पन्नाशी ओलांडलेली एक बाई. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, पाय अनवाणी, हातात रॅकेट, आणि जाळीपलीकडच्या रिकाम्या जागेशी तावातावानं भांडण चाललेलं. टोपलीतून चेंडू घ्यायचा, पलीकडं हाणायचा, आणि वर ऐकवायचं की तुझा हात पहिल्यापासून जड, तुला कवा जमलंय.

दर्शनानं मनात हिशोब लावला. पदराखाली कानात यंत्र असणार. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं, की आपल्याकडच्या बायका किती पुढं गेल्यात बघा, टेनिस खेळता खेळता जावेशी फोनवर भांडतात. जावेशी भांडतेय हे तिनं बरोबर ओळखलं होतं, त्याचे मार्क तिला द्यायला हवेत. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं पदर उडाला. कानात कुड्या होत्या. दुसरं काही नव्हतं.

ती गोजर. आणि ते कोर्ट होतं तिचं खळं.

म्हणजे आधी होतं. तिचा नवरा धाऊ आणि त्याचा भाऊ यांनी ती जमीन क्लबवाल्यांना विकली. पुरुष कागदांवर सह्या करत होते तेव्हा गोजर दारातून म्हणाली, जमीन न्या, पण खळ्यावर मला येऊ-जाऊ द्यायचं, जिवंत आहे तोवर. क्लबचा मालक हसला. त्याला वाटलं, म्हातारी होईल तेव्हा येऊन झाडाखाली बसेल. त्यानं हौसेनं तिला कायमचं कार्ड दिलं, फोटोबिटो लावून. झाड पाडलं, खळ्यावर सिमेंट ओतलं, हिरवा रंग दिला, पांढऱ्या रेषा मारल्या, वर पत्र्याची उंच शेड घातली. आणि कोर्टाचं उद्‌घाटन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गोजर कार्ड घेऊन हजर. नुसतं बसायला मिळणार नाही, इथं खेळावं लागतं, असं मॅनेजर हितेशनं सांगितल्यावर तिनं रॅकेट मागितलं. भात झोडून झोडून हात तयार होता. पहिलाच चेंडू पत्र्याला लागला, दुसरा पलीकडच्या भिंतीला. महिन्याभरात चेंडू रेषेच्या आत पडायला लागला.

दर्शनाला हे सगळं हळूहळू कळलं, काही हितेशकडून, बरंचसं गोजरकडून. गोजरला विचारावं लागत नाही, थांबवावं लागतं.

भिमी तिची धाकटी जाऊ. धाकटी की थोरली यावरही वाद. घरात गोजर आधी आली, वयानं भिमी मोठी. भिमी मुरबाडकडची, धसईची. पाय लहानसे, पण अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. असल्या बायका नवऱ्यावर शिरजोर असतात म्हणतात. गोजर तिला त्यावरून आयुष्यभर टोचत आली. खळ्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, मध्ये फळी, आणि पेंढी उचलून आपटायच्या. थप, थप. भिमी प्रत्येक फटक्याला नाकातून ‘हुं’ करायची. कुणाच्या पेंढ्या आधी संपल्या, कुणाचा दाणा राखेच्या कड्याबाहेर उडाला, यावरून भांडण. भाताची रास घातली की तिच्याभोवती राखेचं कडं ओढायचं, म्हणजे भुतं रास नेत नाहीत. आणि त्यांच्या घरची एक रीत होती. रास घरी गेली तरी खळं उठवावं लागतं. दोघी जावांनी दोन टोकांकडून झाडत मधोमध यायचं, नारळ फोडायचा, खळ्याला उठ म्हणायचं. तोवर खळं बसलेलं. आणि बसलेलं खळं रिकामं सोडायचं नाही, घरातल्या कुणीतरी पाळीनं राखण करायची.

शेवटच्या साली भिमीला ताप भरला. ठाण्याला नेली. इकडं क्लबवाल्यांचं मशीन दारात उभं. पुरुषांनी घाईघाईनं रास उचलली आणि घरी आणली. खळं झाडायचं राहिलं. गोजर म्हणत राहिली, ती बरी होऊन येऊ दे, मग उठवू. ती आली ती चादरीत गुंडाळून.

तर खळं बसलेलं आहे, सिमेंटखाली. आणि भिमी पाळीला उभी आहे, जाळीच्या पलीकडं. गोजर हे असं सांगायची, जणू बाजारात कांदे कसे आहेत ते सांगतेय. आपली पाळी ती चुकवत नव्हती. आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत चिखलातून येऊन पाय धुऊन कोर्टावर चढायची, पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. थंडीत शाल कमरेला बांधून. वैशाखात उन्हाच्या आधी. धाऊ म्हणायचा, खेळू दे तिला, घरात भांडण तेवढं कमी. फक्त जाळीपलीकडच्या बाजूत, भिमीच्या अंगणात, ती पाऊल ठेवत नसे. चेंडू गोळा करायलासुद्धा रेषेच्या बाहेरून फिरून जायची.

क्लबातल्या बायका मात्र घाबरायला लागल्या. कल्याणहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांनी तक्रार केली की त्या मावशी कुणाशीतरी बोलतात, आणि त्या गप्प झाल्या तरी थप आवाज येत राहतो. हितेश शहापूरचाच, भला माणूस, पण नोकरी करणारा. त्यानं सांगितलं, एकट्यानं खेळायचं नाही, समोर माणूस पाहिजे. आणि पायात बूट.

माणसाचं गोजरनं ऐकलं. बुटाचं नाही. खळ्यावर वहाणा घालून कोण चढतं रे, असं तिनं त्यालाच विचारलं. बरीच घासाघीस होऊन ठरलं की पाय धुऊन, पुसून यायचं, पण कोर्टावर अनवाणी पावलाचा एक जरी ठसा दिसला तर कार्ड रद्द. गोजर हो म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिच्या पोटात तेवढी एकच भीती राहिली. कार्ड गेलं तर खळं रिकामं, आणि भिमी एकटी.

समोर उभं राहायला कुणी तयार होईना. दर्शनाच उभी राहिली. का, ते तिचं तिलाही नीटसं माहीत नाही. वजनासाठी, असं ती म्हणते. वजन अजून तिथंच आहे.

पलीकडं पाय ठेवण्याआधी गोजरनं तिला थांबवलं. “सांगून जा गो. भिमे, जरा सरक म्हणावं.”

दर्शना गणिताची बाई. तिला लाज वाटली, तरी तिनं पुटपुटलं. पाऊल टाकलं, तर मार्गशीर्षातल्या त्या गार सकाळी बुटाच्या तळव्यातून जमीन कोमट लागली, आत्ता कुणीतरी उठून बाजूला झाल्यासारखी. मग दोघी खेळल्या. दर्शनाचा चेंडू सुटला, मागं गेला. मागून थप आवाज आला, आणि अगदी खांद्याजवळ, नाकातून सोडलेला श्वास. हुं. तिनं वळून पाहिलं. चेंडू भिंतीशी निपचित पडला होता.

“उचल की,” गोजर पलीकडून म्हणाली. “ती देणार नाय, आळशी हाय.”

त्या दिवशी दर्शनानं वर्गात फळ्यावर उदाहरण घातलं आणि उत्तर काढायचंच विसरली. पण दुसऱ्या दिवशी गेली. मग जातच राहिली. भर वैशाखात, आजूबाजूला गवताची काडी नसताना, भिमीच्या अंगणात नव्या पेंढ्याचा वास यायचा. पावसाळ्यात शेडखाली झड येत असताना कुणीतरी शेजारी उभं असल्यासारखी एक बाजू सुकी लागायची. भीती गेली नाही. भीतीची सवय झाली, सासरची होते तशी.

तरी एक गोष्ट तिला डाचत होती. बसलेलं खळं उठवायला दोघी लागतात, मग तिसरीनं दुसरीच्या जागी झाडलं तर चालणार नाही का? भाताची कापणी सुरू झाली होती. पाणी प्यायला दोघी कठड्यावर टेकल्या तेव्हा दर्शनानं विचारून टाकलं, की मावशी, तिच्या टोकाकडून मी झाडते, नारळ मी आणते, तिला मोकळी करू या.

गोजर रॅकेटची तार खाजवत राहिली. एरवी तिला थांबवावं लागतं, आज वाट बघावी लागली.

“उठवलं की ती जाईल,” ती म्हणाली. “मग मी कुणाशी भांडू गो?”

मग नाक ओढलं आणि म्हणाली, शिवाय पहिला झाडू थोरलीनं मारायचा असतो, आणि थोरली कोण ते अजून ठरलेलं नाही. जी बाई मेलेल्या जावेला सुट्टी द्यायला तयार नाही, तिला गणिताच्या बाईनं काय शिकवायचं.

झोडणी सुरू झाली. शेजारच्या शेतांत आता मशीनवर झोडतात, घरघर करत भुसा उडतो, आणि वारा पडला की तो सगळा क्लबात येऊन बसतो. अशाच एका सकाळी दर्शना पोचली तर हितेश कोर्टाच्या कडेला उभा, हातात पोछा. गोजर पाय पुसत होती.

कोर्टावर भुशाची पातळ साय धरली होती. अलीकडची बाजू कोरी होती. पलीकडच्या बाजूला पावलं होती. अनवाणी.

हितेशचा चेहरा पडला होता. त्यालाही हे नको होतं. तो म्हणाला, मावशी, ठरलं होतं ना आपलं, अनवाणी येणाऱ्या तुम्ही एकट्या, आता मी मालकांना काय सांगू. गोजरनं पावलांकडं पाहिलं. तिचा हात तोंडाकडं गेला आणि तिथंच राहिला. दर्शनाला वाटलं, संपलं. एवढ्या धुण्या-पुसण्याचा हा शेवट.

पण गोजर रेषेच्या बाहेरून फिरून पलीकडं गेली, जशी नेहमी जायची. रेषेलगतच्या एका ठशाशी उकिडवी बसली. त्याला शिवली नाही. मग पदर खोचला, आणि आपलं पाऊल रेषेच्या बाहेर, त्या ठशाच्या शेजारी, दाबून उमटवलं.

“बघ रे.”

हितेश वाकला. गोजरचं पाऊल रुंद, टाच फुटलेली, अंगठा सगळ्यात पुढं. शेजारचं पाऊल चिमुकलं, अरुंद, आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या वर डोकावत असलेलं.

मग दर्शनाबाईंचे असतील, तो म्हणाला. दर्शनानं निमूटपणे बूट काढून पाऊल उमटवलं. जाडजूड निघालं, भाकरीसारखं. गोजर म्हणाली, आता तुझंही ठेव, राहून कशाला जायचं. बिचाऱ्यानं ठेवलं. त्याच्यात तर भिमीची दोन मावली असती.

तेवढ्यात दर्शनाच्या आणखी एक लक्षात आलं. पावलं दाराकडून आलेलीच नव्हती. अंगणाच्या मध्यावर सुरू होत होती, जाळीपाशी येत होती, परत जात होती, पुन्हा येत होती. रात्रभर येरझाऱ्या घालाव्यात तशी. हितेशचीही नजर तिथंच फिरत होती. बूट घालताना त्याला नाडी सापडेना.

“बरं,” तो अखेर म्हणाला, आवाज जरा खाली आणून, “तुमचे नाहीत, मान्य. कार्डाचं राहू द्या. पण पुसायचं कुणी? खळं तुमचं म्हणता ना?”

“माझी बाजू मी रोज पुसते,” गोजर म्हणाली. “ही बाजू तिची. जिचे पाय तिनं पुसावं. बाई जिती होती तवा तिचं मी झाडलं नाय, आता का पुसू?”

हितेशनं दर्शनाकडं पाहिलं. दर्शना आपल्या बुटाकडं बघत होती. मग तो रेषेच्या बाहेरून, पावलं जपून टाकत, पलीकडं गेला, आणि पोछा तिथल्या खांबाला अलगद टेकवून ठेवला, कुणाला तरी घेता येईल असा.

“तुमचंच खरं, मावशी,” तो म्हणाला.

“मग,” गोजर म्हणाली, आणि टोपलीतला चेंडू उचलला.