दुसऱ्या सीटवरचा माणूस

संपत गेल्याची बातमी मला इंदापूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितली, हे मला अजून सहन होत नाही. संपत अंथुर्ण्याचा, मीही अंथुर्ण्याचा. आमचा बांधाला बांध, विहीर सामाईक, शाळा एक. आणि त्याच्या छातीत कळ आली तेव्हा शेजारी कोण, तर डॉक्टर. बारामतीच्या विमानतळावर दोघं चहा पीत बसले होते म्हणे... महिना होऊन गेला, पण त्या चहाची आठवण आली की माझा घास तोंडातच फिरतो.

द्राक्षांनी चांगला हात दिला, पोरं मार्गी लागली, तेव्हा संपतनं रीतसर शिकून विमान चालवायचं लायसन काढलं आणि दोन सीटचं एक जुनं विमान घेतलं. त्याच दिवशी संध्याकाळी तो माझ्या बांधावर आला. "शिवा, बसतुस का शेजारी?" आता आपल्याकडं पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? पंगतीत जिलेबी हवी असली तरी आधी ताटावर हात आडवा धरायचा, मग वाढणाऱ्यानं आग्रह करायचा. त्याच रिवाजानं मी म्हणालो, "नगं बाबा, मला भ्या वाटतं." आणि आग्रहाची वाट बघत राहिलो. तो "बरं" म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात त्या सीटवर डॉक्टर बसले.

मग जिथं तिथं डॉक्टर. विमानाची बॅटरी बदलायची तरी डॉक्टर. ती मागच्या बाजूला अडचणीत बसवलेली असते. इंजिनीअर पट्टा सोडवतो तोवर दुसऱ्या कुणीतरी ती पेलून धरावी लागते. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या उचलण्यात माझा जन्म गेला, पण संपतला पेलायला माणूस हवा तो इंदापूरहून! ते विमान माझ्या उसावर येऊन घिरट्या घालायचं तेव्हा मी मुद्दाम गोठ्यात जाऊन बसायचो. मला दाखवायलाच येतात, असं वाटून माझा जीव जळायचा.

गेल्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरांचाच फोन. "शिवाजीराव, विमान उभं राहून बॅटरी पार बसलीय. वहिनी म्हणतात, नवी घाला, त्यांचं विमान बंद पडायला नको. धरायला याल का?" मी लगेच हो म्हणालो.

बारामतीच्या विमानतळावरच्या शेडमध्ये इंजिनीअरनं आधी अर्थिंगची वायर काढली, मग पट्टा सोडला. जुनी बॅटरी माझ्या हातांवर आली, नवीही मीच आत सरकवली. डॉक्टर नुसते बाजूला उभे. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काम झाल्यावर ते म्हणाले, "मला तुमचा फार हेवा वाटायचा."

"माझा? वर तर तुमी बसायचा."

"बसायचो. पण वर गेलं की पहिली फेरी तुमच्या शेतावर. 'डॉक्टर, शिवा दिसतुय का बघा.' एकदा मी म्हटलं, मग त्यांनाच आणा की. तर म्हणाले, 'त्याला भ्या वाटतं. म्या आग्रह केला तर माझ्यासाठी मन मारून बसंल... नगं.'"

मला रडू आवरेना. तरी डोळे पुसता पुसता मनात आलंच, संपत माझ्याबद्दल एवढं बोलला, ते ऐकायलाही हाच होता, मी नव्हतो.

विमान शेडबाहेर ढकललं. इंजिन चालू करून बघायला इंजिनीअर आत बसला. शेजारची सीट रिकामी होती. डॉक्टर पाऊल उचलणार तेवढ्यात मी पुढं झालो आणि चढून बसलो. नव्या बॅटरीवर पंखा लगेच फिरला, सगळं विमान थरथरायला लागलं. डॉक्टर उंच, सीट त्यांच्या पायांच्या मापानं मागं नेलेली. मी खटका दाबून ती माझ्या मापानं पुढं ओढली. उतरताना ती तशीच ठेवली.