आवडलेलं भाषण

साहेबांचं भाषण आज मला आवडलं, आणि तिथेच शंका आली. मला बायपोलर आहे. मन वर चढू लागलं की आधी जग सुंदर दिसतं. मग झोप जाते, आणि पुढे नोकरीही जायची वेळ येते. खिडकीबाहेरची बोगनवेलसुद्धा आज फार गुलाबी वाटत होती. असा संशय आला की शेजारच्या टेबलावरच्या सुलभाताईंना विचारायचं, हे आमचं ठरलेलं आहे.

"ताई, बोगनवेल आज जास्तच गुलाबी आहे का?"

"आहे की. बहर आलाय."

"आणि भाषण?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "भाषण नेहमीसारखंच होतं हो. डॉक्टरांना फोन करा."

मी फोन लावला. तो लागेपर्यंत बोगनवेलीकडे बघत राहिलो. निदान तिचा बहर तरी खरा होता.